येलदरीहून ख्रिस्ती विद्यापीठात जाताना

बारावीचा निकाल हल्ली मे महिन्यातच लागतो आणि येलदरीसारख्या गावात प्रवेशाची धावपळ नेमकी पेरणीच्या तोंडावर येते. सोयाबीनच्या बियाण्याची बॅग, डीएपीचं पोतं, ट्रॅक्टरवाल्याची उधारी आणि लेकराची फी, सगळं एकाच महिन्यात, एकाच खिशातून. ज्यांना जिंतूरला किंवा परभणीला शिकायचं आहे त्यांचं त्यातल्या त्यात सोपं असतं. कॉलेज माहितीचं, सर ओळखीचे, येलदरी कॅम्पवरून जाऊन-येऊन शिकता येतं. पण एखाद्या घरात पोरगा किंवा पोरगी पुण्यातल्या ख्रिस्ती विद्यापीठाचं नाव काढते, तेव्हा प्रश्नांना तोंड फुटतं. हा लेख त्या घरासाठी आहे. मग ते घर हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो की ख्रिस्ती.

पहिला प्रश्न हमखास धर्माचा येतो. आजी विचारते, शेजारी विचारतात, भावकीतलं कुणीतरी पारावर विचारतं: तिथं गेल्यावर लेकराला बाटवणार तर नाहीत ना? या प्रश्नाची टवाळी करू नये, तो काळजीतून आलेला असतो. पण माझं मत असं, की घरातली सगळी चर्चा या एकाच प्रश्नावर खर्ची पडते आणि ज्या दोन गोष्टींवर लेकराची पुढची तीन-चार वर्षं खरोखर अवलंबून असतात, त्या विचारायच्याच राहून जातात. ही संस्था कायद्यानं कोणत्या प्रकारात मोडते, म्हणजेच शिष्यवृत्ती मिळणार की नाही, ही एक. आणि तिथला आठवडा कसा चालतो, ही दुसरी. पहिलीवर बापाचं कर्ज ठरतं, दुसरीवर लेकरू तिथं रमणार की परत येणार हे ठरतं.

आधी संस्था कोणत्या, ते पाहू. महाराष्ट्रात ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ हे वर्णन सरळ लागू पडतं ते पुण्यात औंध रस्त्यावर असलेल्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या पंथाची ही संस्था १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, पुढं बंगळूरला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. जुने पुणेकर अजूनही तिला स्पायसर कॉलेजच म्हणतात. २०१४ मध्ये राज्याच्या कायद्यानं ती खासगी विद्यापीठ झाली. दुसरं नाव ख्राइस्टचं. बंगळूरच्या या अभिमत विद्यापीठाचा एक कॅम्पस मुळशी तालुक्यात लवासाला आहे. ते सीएमआय या कॅथलिक धर्मसंघाचं आहे. याशिवाय आपल्याकडची जुनी मिशन कॉलेजं आहेत. मुंबईचं विल्सन १८३२ पासूनचं, सेंट झेवियर्स १८६९ चं, नागपूरचं हिस्लॉप १८८३ चं. आणि आपल्याला वाटेत लागणारं, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये उभं केलेलं अहमदनगर कॉलेज. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, कॉलेज तेच. ही विद्यापीठं नव्हेत, सार्वजनिक विद्यापीठांशी जोडलेली महाविद्यालयं आहेत. पण परंपरा ख्रिस्तीच: दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं, शिस्त कडक, ग्रंथालय मोठं, शिक्षकाचं विद्यार्थ्याशी नातं जवळचं.

आता पैशाचं. इथं जरा थांबून वाचा, कारण चूक इथंच महागात पडते. खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ यांना राज्य सरकारच्या फीमाफीच्या अनेक योजना लागू होत नाहीत. ताजं उदाहरण मुलींच्या फीमाफीचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. गावोगाव लोक म्हणू लागले, पोरींचं शिक्षण फुकट झालं. पण त्याच निर्णयात खासगी आणि अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. विद्यापीठाच्या कार्यालयात थेट जाऊन घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागत नाही. अशा वेळी ‘शिष्यवृत्ती मिळेल, काळजी करू नका’ या फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही भरू नका. साधं पत्र किंवा ईमेल करा: अमुक अभ्यासक्रमाला, अमुक प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला, महाडीबीटीवरची कोणती योजना या संस्थेत लागू आहे? उत्तर लेखी आलं तरच ते धरून चाला.

म्हणूनच ज्या घराची जमीन चार-पाच एकर आणि तीही कोरडवाहू, त्या घराला मी अनुदानित मिशन कॉलेज आधी पाहायला सांगेन. वातावरण बरंचसं तेच मिळतं, अनुदानित अभ्यासक्रमाची फी सरकारी नियमात असते आणि शिष्यवृत्तीचा मार्गही मोकळा राहतो. मात्र त्याच कॉलेजात विनाअनुदानित अभ्यासक्रमही असतात. प्रवेश घेताना ‘हा वर्ग अनुदानित आहे का?’ हे खिडकीवर तोंडी विचारून भागत नाही. फीच्या पावतीवर काय लिहिलं आहे ते बघा. आणि खासगी विद्यापीठातच जायचं असेल, कारण हवा तो विषय तिथंच आहे किंवा घरच्या मंडळीचं त्या संस्थेशी जुनं नातं आहे, तर तीन वर्षांचा पूर्ण हिशोब एका कागदावर मांडा. फी, वसतिगृह, मेस, परीक्षा फी, अनामत, युनिफॉर्म असेल तर तो, आणि दिवाळी-उन्हाळ्याचं जाणं-येणं. एकट्या पहिल्या वर्षाचा आकडा पाहून ठरवलं, की दुसऱ्या वर्षी घरचं दागदागिन्यावर येतं.

हप्त्यांचं बोलायला लाजू नका. आपल्याकडं पैसा हातात येतो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास. कापूस तर त्याहून मागं. शहरातल्या लेखा विभागाला हे ठाऊक असेलच असं नाही. प्रवेशाच्या वेळीच अर्ज द्या: पहिला हप्ता आता, दुसरा नोव्हेंबरच्या अखेरीस. सोबत सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. अशा संस्थांत गरजू विद्यार्थ्यांसाठी स्वतःचा मदतनिधी असू शकतो, पण तो मागणाऱ्यालाच मिळतो आणि बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच वाटला जातो. स्पायसरच्या परंपरेत तर हातानं काम करणं हा शिक्षणाचाच भाग मानतात. तिथल्या बेकरीचा पाव औंध भागात वर्षानुवर्षं ओळखीचा आहे. कामाच्या बदल्यात फीत सूट मिळण्याची सोय यंदा आहे का, तासाला किती धरतात, पहिल्या वर्षाला काम देतात का, हे विचारून घ्या. शेतातलं काम केलेल्या लेकराला हे जड जाणार नाही, उलट दोन तास हात हलले की घरची आठवण कमी येते.

बँकेचं शैक्षणिक कर्ज हा शेवटचा मार्ग ठेवा, पण तो माहीत असू द्या. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. पीककर्ज थकलेलं असेल तर बँक अडून बसते, म्हणून अर्जाआधी तेवढं निस्तरा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम खात्यात येते. इथंही संस्था आणि अभ्यासक्रम नियमात बसतो का, ते समाज कल्याणच्या परभणी कार्यालयात आधी विचारा.

कागदपत्रांचं फार लांबण लावत नाही, पण वेळेचं सांगतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे जिंतूर तहसीलला जून उजाडण्याआधी टाका. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते आणि सर्व्हर बसतो. जात वैधता प्रमाणपत्राला तर महिने लागतात, त्याचा अर्ज बारावीत असतानाच जायला हवा. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना, दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि बँकेत नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना, हे पाहा. ‘बालासाहेब’ एका कागदावर आणि ‘बाळासाहेब’ दुसऱ्यावर, एवढ्यावरून शिष्यवृत्ती अडकते. टीसी जमा करण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स साक्षांकित करून घरी ठेवा. बाकीची मूळ कागदपत्रं तपासणीनंतर परत मागा. यूजीसीच्या नियमानुसार संस्थेला ती अडकवून ठेवता येत नाहीत.

अर्जात धर्माचा रकाना येतो आणि तिथं पोरांचा हात थबकतो. काही जण उगाच मोकळा सोडतात. जो धर्म आहे तो लिहा. ख्रिस्ती संस्थेत शिकल्यानं कोणाचा धर्म बदलत नाही आणि जातीच्या दाखल्याला धक्का लागत नाही. दाखला पाहतो तो माणसाचा स्वतःचा धर्म. त्याच्या कॉलेजचं नाव नव्हे. घटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याला धरूनच अशा संस्थांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांचं पत्र आधीच घेऊन ठेवावं. छोट्या गावात पाळक महिन्यातून एक-दोनदाच येतात, ऐन वेळी सही सापडत नाही. आणि एक गोष्ट त्या घरांना ठाऊक असते, तरी सांगतो: अनुसूचित जातीचा लाभ ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्यांना मिळत नाही. म्हणून जो दाखला खरा आहे तोच लावा. चुकीचा लावला तर पदवी हातात आल्यावरही प्रकरण उकरलं जातं.

आता तो आजीचा प्रश्न. राज्यघटनेच्या कलम २८ चा तिसरा परिच्छेद सांगतो, की शासनमान्य किंवा शासनाची मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. जूनमध्ये कॉलेजात पाऊल ठेवणारी बरीच मुलं सतरा वर्षांची असतात, म्हणजे ही संमती आई-वडिलांच्या हातात असते. प्रवेशअर्जाच्या शेवटी जे हमीपत्र असतं, ज्यावर वडील घाईत अंगठा किंवा सही करतात, त्यातच हे वाक्य दडलेलं असू शकतं: संस्थेच्या सर्व उपासनांना हजर राहीन. ते वाचा. इंग्रजीत असेल तर वाचून घ्या. मान्य असेल तर सही करा. नसेल तर सहीच्या वर चार ओळी लिहा: ‘माझा पाल्य सर्व शैक्षणिक तासांना आणि सभांना हजर राहील. धार्मिक उपासनेत सहभाग त्याच्या इच्छेवर असावा, ही विनंती.’ खाली तारीख, नाव, आणि त्याची झेरॉक्स स्वतःजवळ. नम्र भाषेत, पहिल्याच दिवशी लिहून दिलेली ही विनंती पुढचे निम्मे गैरसमज टाळते. सत्र सुरू झाल्यावर चिडून केलेल्या तक्रारीनं दोन्हीकडची मनं कडू होतात.

तरीही, पोरांना मी सांगेन की एकदा-दोनदा चॅपेलमध्ये बसून पाहा. प्रार्थना, एखादं गीत, बायबलमधला उतारा, दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं, सूचना. कोणी हात धरून काही करायला लावत नाही. गप्प बसलं तरी चालतं, उभं राहायचं तेव्हा सगळ्यांसोबत उभं राहावं. मराठी उपासना ऐकायला मिळाली तर कान टवकारा. नारायण वामन टिळकांनी येशूवरची भजनं अभंगाच्या चालीत लिहिली, मराठी चर्चमध्ये ती पेटी-तबल्यावर म्हणतात. आपल्या हरिनाम सप्ताहात वाढलेल्या मुलाला ती परकी वाटणार नाहीत. मराठी भाषेचा आणि मिशनऱ्यांचा संबंधही जुना आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये शब्दकोश. त्या कामात त्याला वैजनाथ पंडितांची मदत होती. त्याच कॅरीनं सोबत्यांबरोबर १८१८ मध्ये काढलेल्या श्रीरामपूरच्या कॉलेजाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं पदव्या देण्याचा अधिकार दिला. आणि जिंतूर-पुणे एसटी ज्या जालन्यावरून जाते, त्या जालन्याजवळच रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं गाव वसवलं. हा इतिहास आपल्या वाटेवरचा आहे. तो जाणून गेलेलं पोर तिथं पाहुण्यासारखं अवघडून बसत नाही.

दिनक्रमाचं मात्र पंथागणिक वेगळं असतं. कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट संस्थांत पवित्र दिवस रविवार, म्हणजे आपल्या नेहमीच्या सुट्टीशी जुळणारा. ॲडव्हेंटिस्ट मात्र शब्बाथ पाळतात: शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, शनिवारी सूर्यास्ताला संपतो. या चोवीस तासांत तास नाहीत, परीक्षा नाहीत, खरेदी-विक्री नाही, कपडे धुणं-वाळत घालणं अशी कामंही टाळतात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले दोन-तीन आठवडे हे गोंधळात टाकतं. ग्रंथालय शनिवारी उघडं असेल असं धरून असाइनमेंट शनिवारवर ढकलली, तर ती रविवारीच होते. पेन, वही, साबण गुरुवारपर्यंत आणून ठेवा. आई-वडिलांना भेटायला यायचं असेल तर रविवारी या. एमपीएससी किंवा इतर परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल आणि पेपर शनिवारी येत असेल, तर बाहेर जायची परवानगी वेळेत लेखी मागा. हे सगळं वर्षाच्या वेळापत्रकात छापलेलं असतं. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि त्यावर पेन घेऊन बसा. पोळा कधी, महालक्ष्म्या कधी, दिवाळीला सुट्टी किती, रमजान ईद कामाच्या दिवशी येते का. महालक्ष्म्यांना लेकीनं घरी यावं असं आईला वाटतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा असते. आधी कळलं तर कोणाचं मन दुखत नाही.

जेवणाचं तसंच. ॲडव्हेंटिस्ट परंपरेत शाकाहाराला फार महत्त्व आहे. दारू-तंबाखू तर वर्ज्यच, बरेच जण चहा-कॉफीही घेत नाहीत. आपलं पोर सकाळी उठल्याबरोबर कपभर गोड चहा पिऊन वाढलेलं असतं. मेसमध्ये चहा नाही म्हटल्यावर पहिला आठवडा डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि घरी फोन जातो की इथं मन लागत नाही. जायच्या पंधरा दिवस आधीपासून चहा कमी करत आणा. आणि जे पोर गुटखा किंवा तंबाखूची पुडी खिशात ठेवतं, त्यानं ती सवय येलदरीतच सोडून जावी. तिथं पकडलं गेलं तर कारवाई होते आणि ती योग्यच आहे.

वसतिगृहात खोलीचा सोबती मिझोरामचा असेल, नागालँडचा असेल, तमिळनाडूचा किंवा केरळचा असेल. आपल्या पोरांना हा अनुभव फार मोलाचा आहे आणि जपून घेण्याचाही. ईशान्येच्या मुलांच्या डोळ्यांवरून, रंगावरून नावं ठेवायची नाहीत, गंमत म्हणूनसुद्धा. ती लांबून आली आहेत, तीही पहिल्यांदाच घर सोडून आली आहेत. घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली असेल तर त्यांना द्या. सुरुवातीला बोलायला हिंदी असते, आणि अशा सोबत्यामुळंच पुढं इंग्रजी सुधारतं.

इंग्रजीबद्दल मोकळेपणानं बोलायला हवं. जिंतूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेलं हुशार पोर या विद्यापीठांत पहिल्या महिन्यात मागच्या बाकावर जाऊन बसतं. विषय त्याला कळतो, प्रश्नाचं उत्तरही ठाऊक असतं, पण वाक्य जुळत नाही म्हणून हात वर जात नाही. हळूहळू सर ओळखत नाहीत, आणि न ओळखलेल्या विद्यार्थ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. हे टाळायचं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला तास संपल्यावर भेटा आणि साध्या शब्दांत सांगा, की मी मराठी माध्यमातून आलो आहे, मला थोडा वेळ लागेल. या संस्थांमध्ये शिक्षकाला भेटणं अवघड नसतं. मिशन परंपरेची ही सगळ्यात चांगली बाजू आहे, तिचा पुरेपूर फायदा घ्या. रोज एक पान मोठ्यानं वाचा, खोलीत, दार लावून. तासाला लिहिलेल्या नोट्स त्याच रात्री स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत पुन्हा लिहा, चुकल्या तरी. आणि मराठी पुस्तक वाचणं सोडू नका; ज्याची पहिली भाषा धारदार राहते त्याला दुसरी लवकर येते, असं मी कितीतरी मुलांत पाहिलं आहे.

रॅगिंगबद्दल एकच: प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरायचं असतं, ते यूजीसीच्या २००९ च्या नियमानुसार सक्तीचं आहे. काही घडलं तर आधी वसतिगृहप्रमुखाला सांगा, ऐकलं नाही तर १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक आहे. ख्रिस्ती संस्थेत असलं काही होत नाही, या समजुतीवर कोणीही बेसावध राहू नये.

जी पदवी घेणार ती कुठं चालते हेही जाण्याआधी बघा. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत असणं ही पहिली पायरी. बीएड असेल तर एनसीटीई, नर्सिंग असेल तर नर्सिंग कौन्सिल, कायदा असेल तर बार कौन्सिलची मान्यता वेगळी पाहावी लागते. ईश्वरविद्येची पदवी चर्चच्या सेवेसाठी आहे. ती घेऊन सरकारी नोकरीच्या जाहिरातीत बसता येईल असं गृहीत धरू नका. ज्याला पाळक व्हायचं आहे त्यानं ती आनंदानं घ्यावी.

सगळं करूनही नाही जमलं तर? त्याचाही विचार आधीच केलेला बरा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार, प्रवेशाची जाहीर झालेली शेवटची तारीख यायला १५ किंवा जास्त दिवस असताना प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रियाखर्च वजा करून फी पूर्ण परत मिळते. १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत निम्मी, त्यानंतर काही नाही. पुढं यूजीसीनं काही वर्षांसाठी जास्त सवलतही दिली; २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक पाहून घ्या, आणि मन लागत नसेल तर ‘दिवाळीपर्यंत बघू’ असं म्हणत बसू नका. पहिल्या वर्षाचे श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये जमा होतात. वर्ष पूर्ण करून दुसरीकडं जाणं हा मार्गही उघडा असतो, त्यासाठी आपला एबीसी क्रमांक प्रवेशाच्या वेळीच काढून ठेवा.

राहिलं पालकांचं पहिलं भेटीला जाणं. परभणीहून पनवेल गाडी परळी, लातूर, कुर्डुवाडीमार्गे पुण्याला जाते. पहिल्या महिन्याभरानंतर, शेतात कोळपणी-फवारणी उरकली की एका रविवारी जा. नुसतं लेकराला भेटून, डबा देऊन परतू नका. वसतिगृहप्रमुखांना भेटा, हजेरी किती झाली ते विचारा, कारण ७५ टक्क्यांची अट बहुतेक ठिकाणी असते आणि ती मोडली की परीक्षेला बसता येत नाही. कार्यालय रविवारी उघडं असेल तर फीची पावती आणि पुढच्या हप्त्याची तारीख पक्की करून घ्या. मेसमध्ये एक वेळ जेवा. आणि त्यांच्या वहीत तुमचा मोबाइल नंबर बरोबर लिहिला आहे का, तो स्वतः वाचून पाहा. आपल्या शिवारात दिवसभर रेंज नसते, म्हणून सोबत दुसरा नंबर द्या: गावातल्या किराणा दुकानाचा, किंवा जिंतूरला राहणाऱ्या मामाचा.